आधी सुई, मग सुरी

चिक्कडपल्लीच्या लॅबमध्ये मुलीऐवजी तिची आई बोलू लागली की डॉ. कौसडीकर हातानं थांबवत. "अम्मा, तुमे नक्को. गाठ जिसकी है, उसकू बोलने देव." सुईनं पेशी काढून तपासणाऱ्या या बाई पिढ्यान्पिढ्यांच्या हैदराबादी, घरात मराठी, दारात दख्खनी.

मी सोळा वर्षांची होते. छातीत बोराएवढी गाठ हाताला लागली. सोनोग्राफी झाली, सर्जननं ऑपरेशनची तारीखही दिली. त्याआधी पेशी तपासायच्या होत्या. आई नुसती रडायची. काकू म्हणाली, "काढून मोकळं होऊ. उद्या स्थळं येतील."

लॅबच्या फॉर्मवर काकूनं माझ्याऐवजी स्वतःचं नाव लिहिलं. बाईंनी तो टरकावला. "नाव लपवायला हिनं चोरी केलीय का?" नवा फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "लिही. पूर्ण नाव."

सुई बारीक होती, तरी मी ओठ चावला. "ओरड हवं तर," त्या म्हणाल्या, "सोसण्याचं बक्षीस मिळत नाही इथं."

तासाभरानं त्यांनी मलाच सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. जांभळ्या रंगात हरणाच्या शिंगांसारखे पेशींचे झुपके दिसले. "कॅन्सर नाही. तुझ्या वयात बहुतेक गाठी अशाच साध्या निघतात. सहा महिन्यांनी दाखव. वाढली तर मीच सर्जनकडं पाठवीन."

"तरी काढलेली बरी ना?" काकू म्हणाली.

"कुणासाठी? हिच्यासाठी की स्थळासाठी?" बाईंचा आवाज चढला. "आधी सुई, मग सुरी. आणि सुरी लागलीच, तर हिला विचारून." त्या माझ्याकडं वळल्या. "बोल."

"मला नाही कापून घ्यायचं."

मोठ्यांसमोर मी पहिल्यांदाच 'नाही' म्हटलं होतं. काकूनं महिनाभर अबोला धरला. गाठ वाढली नाही. पुढं आक्रसतच गेली.

बाई गेल्या वर्षी वारल्या. आदल्या दिवसापर्यंत लॅबमध्ये होत्या.

यंदा मला पाहायला मंडळी आली, तेव्हा चहा देता देता मी गाठीचं सगळं सांगून टाकलं. काकूनं डोळे वटारले, मी थांबले नाही. मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला आणि ते उठले. मुलगा मागोमाग निघाला. मुलाची आई मात्र जिन्यात रेंगाळली. माझा हात धरून कुजबुजली, "मलाही आहे गं. वर्ष झालं. घरात कुणाला ठाऊक नाही."

खालून गाडीचा हॉर्न वाजत होता. मी चपला पायांत सरकवल्या.

"वाजू दे," मी म्हणाले. "आबिड्सला माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत. चला, आत्ताच जाऊ."