सहा खाचांचा पुरावा

धुकं असं दाटलं होतं की सकाळचे नऊ वाजले तरी प्रयोगशाळेच्या फाटकावरचा दिवा कुणी विझवला नव्हता. बाईंनी बाह्या वर सारल्या आणि पाण्याच्या लांबलचक टाकीत जाळी घालून गोळी वर काढली. जप्त केलेल्या पिस्तुलातून त्यांनीच आत्ता टाकीत बार काढला होता. पाण्यात झाडलेली गोळी चेंबत नाही, नळीने अंगावर काढलेले ओरखडे तसेच राहतात. बावीस वर्षं बाईंचं हेच काम. जप्तीच्या यादीत कुणी रिकाम्या पुंगळीला ‘गोळी’ म्हटलं, की त्या थेट फोन लावायच्या. "पुंगळी जागेवर पडते हो, माणसाला लागते ती गोळी. एवढं तरी शिका."

पिस्तूल एका गोदामाच्या रखवालदाराचं. खुनाच्या आरोपाखाली तो आठ महिने कोठडीत होता आणि आज दुपारी त्याची तारीख होती. मेलेल्या माणसाच्या बरगडीतून निघालेली गोळी बाईंनी टाकीतल्या गोळीशेजारी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. हाडावर आपटून ती पार चपटी झाली होती. नळीतल्या पीळदार खाचांचे ठसे मोजता येत होते, त्या एकाच पिस्तुलाचे म्हणून ओळखू येणारे बारीक ओरखडे मात्र पुसून गेलेले.

त्या वर गेल्या, तर विभागप्रमुखांनी अहवाल टाइप करूनच ठेवलेला. ‘गोळी याच पिस्तुलातून झाडलेली आहे.’ खाली बाईंच्या सहीची जागा रिकामी. तपासणारा आणि प्रमुख, दोघांच्या सह्यांशिवाय कागद हलत नसे. समोर तपास अधिकारी चहा ढवळत बसलेला.

"हे कुणी ठरवलं, सर?"

"सहा खाचा, उजवा पीळ. दोन्हीकडे तेच आहे, बाई."

"त्या कारखान्याच्या प्रत्येक पिस्तुलाला सहाच खाचा असतात. तुमचा बूट आठ नंबरचा, या साहेबांचाही आठ. उद्या चोरीच्या जागी आठ नंबरच्या बुटाचा ठसा सापडला तर तुम्हा दोघांना धरायचं का?"

अधिकारी हसला. "बाई, आम्हाला उत्तर हवंय. भाषण नको."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "उत्तर हवं म्हणून माणूस जन्मभर आत घालायचा? त्यानं मारलंही असेल, मला काय माहीत. पण ही गोळी ते सांगत नाही, आणि तिच्या तोंडी मी घालणार नाही."

"तुम्हाला अडगळीच्या खोलीत बसवीन," प्रमुख म्हणाले.

"बसवा. सही तिथंही माझीच राहील."

त्यांनी कोरा कागद ओढला आणि हातानेच लिहिलं: खाचांची संख्या व पीळ सारखे, ओळख पटवणारे ओरखडे शिल्लक नाहीत, मत देता येत नाही. सही करून कागद प्रमुखांपुढे सरकवला.

अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. "अहवालच नाही म्हटल्यावर जज मलाच सोलतील. करा साहेब काहीतरी."

प्रमुखांनी बाईंच्या कागदावर पेन इतकं दाबून सही केली की कागद फाटता फाटता राहिला.

"तारीख घाला, सर," बाई म्हणाल्या. ती लिहून होईपर्यंत त्या टेबलाजवळच उभ्या राहिल्या. मग जिना उतरल्या, सळईला तेलाची चिंधी गुंडाळली आणि पिस्तुलाची नळी पुसायला घेतली.