उस्तादांच्या दाराचं कुलूप

गल्लीत माझ्या बाबांना सगळे उस्ताद म्हणतात. किल्ल्या करायचं दुकान एवढंसं की तिसरं गिऱ्हाईक आलं तर पहिल्या दोघांना पोट आत घ्यावं लागतं, पण ऐट अशी की जणू बँकच चालवतात. नाकावर माशी बसू देत नाहीत. नाताळ जवळ आला की त्यांना मान वर करायला फुरसत नसते. गारठ्याने लोकांची बोटं बधिर होतात, किल्ल्या पडतात, घाईत कुलपातच मोडतात. "थंडी आपल्या बाजूची आहे," बाबा म्हणतात.

याच दिवसांत आमच्या दाराचंही कुलूप बदलतं, दर वर्षी. एकच कुलूप दुसरा हिवाळा बघतं म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. नव्या किल्ल्या सगळ्यांना मिळतात आणि जुन्या मोडीत जातात.

चार वर्षांपूर्वी ताई घर सोडून गेली. किल्ली घासताना कानशीवर तिचा हात बाबांसारखाच चालायचा, म्हणून दुकान तिनेच चालवायचं हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला परगावी नोकरी करायची होती. "जा, पण मग हे दार विसर," बाबा रागाच्या भरात बोलून गेले. तेव्हापासून दोघांचं बोलणं आईमार्फत. "तिला सांग, मफलर बांध." "त्यांना सांग, मी लहान नाही." आई बिचारी दोन्हीकडचं ऐकून घ्यायची.

यंदा आईने तिला नाताळला यायला राजी केलं. संध्याकाळच्या बसने येणार होती. बाबांनी तिच्या खोलीच्या खिडकीची फट गुपचूप बुजवली. मी पाहिलं.

ती आली दुपारीच. मी आणि आई बाजारातून परतलो तर शेजारच्या काकू जिन्यातच उभ्या. "अगं, थोरली येऊन गेली! किती वेळ किल्लीशी झटत होती. आत ये म्हटलं तर म्हणाली, नको काकू, कळलं मला. बॅग उचलली नि स्टँडवर गेली."

आईने तिथूनच फोन लावला. "वेडे, ते दर वर्षी बदलतात, माहीत नाही का तुला?"

"माहीत आहे ना. चार वर्षांत चार वेळा किल्ल्या केल्या त्यांनी. एकदाही माझी केली नाही. चारची बस आहे, जाते मी."

मी दुकानात धावले. ऐकून बाबांचा चेहरा पडला. "चला," मी म्हटलं, "माफी मागा आणि घेऊन या."

"तू आईला घेऊन पुढे हो. बसमध्ये चढू देऊ नका. मला थोडा वेळ लागेल."

"आत्ता कसलं काम काढलंत?" मी खेकसले. गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी शटर ओढलं आणि घराच्या दिशेने चालू पडले. मला इतका राग आला की रडूच फुटलं.

स्टँडवर ताई बाकावर बसली होती, लाल नाकाची, हट्टी. आई बोलत होती, ती ऐकत नव्हती. बस लागली. ती उठली, दाराची दांडी धरली, तेवढ्यात बाबा धापा टाकत आले. हात तेलाने काळे, स्वेटर उलटा.

"किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

"लागत नाही ती."

"लागते. नाही लागली तर पुढच्या बसमध्ये मी स्वतः बसवून देतो."

ताईने त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि बॅग माझ्याकडे दिली.

दारापाशी बाबा मागे सरकले. ताईने किल्ली घातली. एकाच वळशात दार उघडलं. ती गेली त्या वर्षीचं कुलूप होतं ते. उतरवलेलं एकही कुलूप बाबांनी आजवर टाकलेलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ताई उंबऱ्यातच बसली आणि लहान पोरीसारखी रडली. बाबांनीही डोळे पुसले, आणि तोंडभर तेल फासून घेतलं.

आमच्या किल्ल्या एका दुपारीत निकामी झाल्या. दुसऱ्या दिवशी, ऐन नाताळच्या सकाळी, बाबांनी दुकानाचं शटर उघडलं, ताईला मशीनपुढे बसवलं आणि स्वतः गिऱ्हाईक उभं राहतं तिथे जाऊन उभे राहिले.

"माझ्या घराची किल्ली नाहीये माझ्याकडे," ते म्हणाले. "एक करून देतेस?"