हिरव्या धाग्याचा लंगोट

गंगादादा गेल्याची बातमी मला आमच्या तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. 'गद्दार गेला' एवढंच लिहिलं होतं. खाली कुणी हात जोडलेले, कुणी नुसता अंगठा दाखवलेला. हिंगोलीत एसटी डेपोच्या मागं माझं शिलाईचं दुकान आहे, तिथं मी बसले होते. मशीनवर एका पोरीचा शाळेचा ड्रेस होता. मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि बाही जोडून टाकली. खोटं कशाला सांगू, डोळ्यात पाणी आलं नाही. गंगाधर पैलवानानं माझ्या बापाला भर फडात मान खाली घालायला लावली होती, आणि त्या दिवसापासून मी त्याला मनातून काढून टाकलं होतं. एकदा काढलं की काढलं, असा माझा स्वभाव. हवं तर माझ्या नवऱ्याला विचारा. संध्याकाळी जवळा बाजारला आबांना फोन लावला. म्हटलं, कळलं का. "कळलं," म्हणाले. जेवलात का विचारलं तर म्हणाले, "भूक न्हाई." मला वाटलं, वय झालं, चालायचंच.

आबा म्हणजे माझे वडील, लक्ष्मण वस्ताद. बाजारगल्लीच्या मागं पत्र्याची तालीम, मधे लाल मातीचा हौदा. त्या मातीत ताक, तेल, लिंबू आणि हळद कालवायची. हळद आबा स्वतः हिंगोलीच्या बाजारातून निवडून आणायचे आणि नव्या पोराला मातीत उतरवताना म्हणायचे, "लागली बाबा हळद, आता तुझं लगीन या मातीसंग." गंगादादा असाच आमच्याकडं आला. पुसेगावकडचा, घरी मेंढरं. त्याच्या बापानं एका बाजारच्या दिवशी त्याला आबांपुढं उभं केलं आणि म्हणाला, हे पोरगं एडक्याला उचलून वाड्यात टाकतंय, याचं काय ते तुमीच बघा. तेव्हापासून तो आमच्या ओसरीवर झोपला, आईच्या हातचं जेवला, मला शाळेत सोडून आला. माझे पाय मशीनला पुरायला लागले तसं तालमीचे लंगोट शिवायचं काम माझ्याकडं आलं. सगळ्यांचे लंगोट लाल, दोरीवर वाळत घातले की अदलाबदल होऊन भांडणं व्हायची. म्हणून मी प्रत्येकाच्या लंगोटाच्या कडेला वेगळ्या रंगाचा धागा घालायला लागले. गंगादादाला विचारलं, तुला कोणता? "हिरवा घाल, शोभे. मेंढरांना चारा वाटंल, मागं मागं येतील." राखीला त्याच्या मनगटावरसुद्धा मी हिरवाच गोंडा बांधायची. सख्खा भाऊ मला नाही. तोच होता.

आबांना एका गोष्टीची भयंकर चीड होती, ती म्हणजे नुरा कुस्ती. दोघांनी आतून आधीच ठरवून घ्यायचं, वरून घाम गाळायचा, शड्डू ठोकायचे, आणि बघणाऱ्यांनी बिचाऱ्यांनी जीव मुठीत धरून बसायचं. एका पोरानं एकदा असं केल्याचं कळलं तर आबांनी त्याचा लंगोट खुंटीवरून काढून रस्त्यावर फेकला होता. म्हणायचे, "पडलास तरी तकलीफ न्हाई. पण खरं पड." मी हे ऐकत वाढले. पुढं जे झालं ते मला एवढं का लागलं, ते यावरून समजून घ्या.

फडात पैलवान उतरला की निवेदक भोंग्यावरून त्याचं गाव, नाव आणि वस्ताद पुकारतो. हलगी थांबते, आणि तेवढं एक वाक्य सगळ्या मैदानाला ऐकू जातं. 'पुसेगावचा गंगाधर, लक्ष्मण वस्तादांचा पठ्ठा.' हे ऐकायला मी जत्रेत बायकांच्या बाजूला टाचा उंच करून उभी राहायची. वस्तादाची कमाई म्हणजे तेवढं एक वाक्य. दुसरं काय मिळतं त्याला? तर एका वर्षी हिंगोलीत एका बड्या कंत्राटदारानं कुस्ती केंद्र काढलं. गादी आली, मशिनी आल्या, पोरांना एकसारखे टीशर्ट, राहायला खोल्या. चांगले पैलवान जिथून मिळतील तिथून तो उचलत होता. गंगादादा दोन-तीनदा हिंगोलीला जाऊन आला, आम्हाला वाटलं एसटीत भरतीचं काही बघत असेल. जत्रेत तो उतरला. मी टाचा उंच केल्या. निवेदकानं पुकारलं, 'पुसेगावचा गंगाधर'... आणि पुढं केंद्राचं नाव आलं. आबा हौद्याच्या कडेला फेटा बांधून बसले होते. त्यांनी फेटा सोडला, त्याची नीट घडी घातली आणि उठून चालायला लागले. गंगादादानं ती कुस्ती दणक्यात मारली म्हणे. मी बघितली नाही, मी आबांच्या मागं पळत होते.

घरी आल्यावर आबांनी तालमीतली त्याची खुंटी तेवढी रिकामी ठेवायला सांगितली. कुणाचा टॉवेलसुद्धा तिच्यावर टाकू देईनात. पोरं तिला गद्दाराची खुंटी म्हणायला लागली. त्यानंतर दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. मांडवाच्या दाराशी गंगादादा आला, हातात साडी, भावाचा आहेर म्हणून. मी हळदीच्या अंगानं बाहेर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझा भाऊ फडात मेला. तुमी कोण?" तो हसल्यासारखं काहीतरी करून परत गेला. साडी लाल होती, काठ हिरवे. आबा मांडवात खांबाला टेकून उभे होते. त्यांनी मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, बापाची लाज मी राखली.

ती गोष्ट गावभर झाली. पुढच्या जत्रेत निवेदकानं भोंग्यावरून सांगितली, वस्तादाच्या लेकीनं गद्दाराचा आहेर परत केला म्हणून, आणि लोकांनी फेटे उडवले. तेव्हापासून दरसाल शेवटची मानाची कुस्ती ठरलेली, आमच्या तालमीचं पोरगं आणि गंगादादानं केंद्रात घडवलेलं पोरगं. सेनगावकडून, औंढ्याकडून ट्रॅक्टर भरून माणसं यायची. आयाबाया मला दाखवायच्या, हीच ती. जवळपासच्या गावांतून बाप आपली पोरं आबांकडं आणायला लागले, म्हणायचे, त्या गद्दाराच्या पोराला याच्या हातून पाडा. जिल्ह्यात इतर मातीच्या तालमी बंद पडत गेल्या, कुणाची पिठाची गिरणी झाली, कुणाचं खताचं गोदाम. आमची चालू राहिली. मी हिंगोलीहून लंगोट शिवून पाठवत होते. आबा जत्रेच्या आधी दरसाल एक जादा सांगायचे, "एक मोठ्या मापाचा शिव. नवं पोरगं आलंय, अंगानं दांडगं हाय." मी शिवायची, रंग पोरगं आल्यावर ठरवू म्हणून धागा न घालता. दरसाल नवं दांडगं पोरगं येतंय, म्हणून मला बरंच वाटायचं.

दादा गेल्यावर दहा-बारा दिवसांनी आबांचा फोन आला. "पुसेगावला जाऊन ये. मला जाता येत न्हाई, पोरं बघतील." मी म्हटलं, मी काहून जाऊ, माझा काय संबंध? तर म्हणाले, "जा म्हटलं ना." बापानं सांगितलं म्हणून गेले, नाहीतर गेले नसते. घर साधंच, बाजूला मेंढरांचा वाडा. रखमावहिनी, म्हणजे गंगादादाची बायको, मला पूर्वी एकदा लांबून दिसली होती तेवढीच. मी दारात उभी राहिले तर ती उठून आली आणि माझ्या गळ्यात पडली. "या वन्सं," म्हणाली. मला वन्सं म्हणणारं जगात कुणी नव्हतं. मी अवघडून बसले. तिनं पेटी उघडून कपडे दाखवायला काढले, कुणाला द्यायचे ते विचारत होती. तळाशी लंगोटांची चळत होती.

आपला टाका आपल्याला ओळखू येतो. कोपऱ्यावर मी उलट फिरून दुहेरी शिलाई मारते, ती माझ्याशिवाय कुणी मारत नाही. आणि त्या प्रत्येक लंगोटाच्या कडेला हिरवा धागा होता. पण तो माझा नव्हता. वेडावाकडा, कुठं ताणलेला, कुठं सैल, पुरुषी हातानं घातलेला धावता टाका.

"ते सवताच घालायचे," रखमावहिनी म्हणाली. "सुई धरता येत नव्हती, बोटाला टोचून घ्यायचे. मी घालते म्हटलं तर देत नव्हते. म्हणायचे, शोभीचा राग हाय अजून, म्हणून धागा घालत न्हाई ती. पण लंगोट पाठवते ना दरसाल. रागातल्या माणसानं एवढं करणं काय कमी हाय? ... वस्ताद बाजाराच्या दिवशी आणून द्यायचे ना त्यांना, शेरडांच्या बाजारामागं. चहा पिऊन यायचे दोघं." मग माझ्या तोंडाकडं बघून थांबली. "तुमाला ठाव न्हाई व्हय, वन्सं?"

तिथून मी थेट जवळा बाजारला गेले. आबा ओसरीवर बसले होते. पाणीसुद्धा घेतलं नाही, उभ्या उभ्या विचारलं, "कधीपासून, आबा?"

त्यांना लगेच कळलं. "पुढल्याच साली आला होता," म्हणाले. "बाजारात. पायावर डोकं ठेवलं. माणसं बघून राहिली होती म्हणून मागच्या गल्लीत नेलं त्याला. चूक झाली म्हणाला, परत येतो म्हणाला. मीच म्हटलं, येऊ नको."

"म्हणजे माझ्या लग्नाच्या आधी."

"व्हय."

"आणि मी त्याला मांडवातून हाकललं, तुमी बघत उभे राहिले. मला काहून सांगितलं न्हाई?"

आबा म्हणाले ते मी इथं जसंच्या तसं लिहिते, कारण ते ऐकल्यापासून माझ्या कानातून जात नाही. "सांगितलं असतं तर तू राग सोडला असता. तुझ्याकडं बघून पोरं पेटत होती, शोभे. भांडण मिटलं म्हटलं असतं, तर कोण आलं असतं जत्रेला? त्याची तिकडं नोकरी टिकली, इकडं माझी तालीम टिकली. कुस्त्या खऱ्या होत्या, आईची आण. भांडण तेवढं..."

"नुरा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मला एवढंच म्हणायचं आहे की नुरा कुस्तीत निदान दोघांनाही माहीत असतं. माझ्याकडून तुम्ही खरी खेळून घेतली, आबा. मी राखी थांबवली ती खरी, साडी परत केली ती खरी, त्याच्या लेकराच्या बारशाचं बोलावणं मी चुलीत घातलं तेही खरं. आणि त्याला तुम्ही माझ्या नावानं लंगोट नेऊन देत राहिलात. म्हणजे तो माझी माया समजून ते घालत होता, आणि मला पत्ताच नाही. गंगादादाचाही मला राग आहे. स्वार्थासाठी एकदा सोडून गेलास, ते एक वेळ पोटात घातलं असतं. पण वर्षानुवर्षं शेरडांच्या बाजारामागं चहा पीत होतास, तिथून माझं दुकान एसटीनं किती लांब होतं रे? एकदा दारात येऊन उभा राहिला असतास. मी हाकललं असतं, तर पुन्हा आला असतास. पैलवान ना तू?

निघताना आबा म्हणाले, "जत्रा होईपर्यंत गप राहा. गंगा गेला, पण केंद्राची पोरं येतीलच."

या सालचा जादाचा लंगोट माझ्याकडं कापून पडला होता. गंगादादा जायच्या आधीच आबांनी सांगितलेला, नव्या दांडग्या पोरासाठी. दुकानात येऊन तो शिवला. कडेला हिरवा धागा घातला, माझ्या हातचा, सरळ. दुसऱ्या रविवारी सकाळी जवळा बाजारला गेले, तालमीच्या दारात चपला काढल्या आणि तो लंगोट त्या रिकाम्या खुंटीला अडकवला. पोरं मेहनत करत होती, ती थांबली. एकानं विचारलं, "आक्का, गद्दाराच्या खुंटीला? कुणाचा हाय हा?"

"वस्तादांना विचार," मी म्हटलं.

आबा हौद्यात उभे होते, हातात फावडं, माती उकरत. सगळी तालीम त्यांच्याकडं बघायला लागली. त्यांनी खुंटीकडं बघितलं, धाग्याकडं बघितलं. त्यांचे ओठ हलले, मला वाटलं आता म्हणतील... आता तरी म्हणतील.

"नवं पोरगं यायचंय," आबा म्हणाले. "त्याचा हाय." आणि पुन्हा माती उकरायला लागले.

म्हणून मी हे लिहायला बसले. हे छापून येईल तेव्हा जत्रा तोंडावर आलेली असेल, आणि आमच्या तालमीतली पोरं पेपर वाचतात, निदान कुस्तीचं असलं तर वाचतातच. पोरांनो, तो लंगोट खुंटीवरून कुणी काढायचा नाही. तो पुसेगावच्या गंगाधरचा आहे. लक्ष्मण वस्तादांचा पठ्ठा.