बत्तीस आषाढ

विश्वास परब सरांना मी प्रथम भेटले ती चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीच्या गाळ्यात. हिशेबाचे सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीसाठी मुलाखत होती. सरांनी एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, वर्ष कधी सुरू होतं?"

"एक एप्रिलला."

"कुणाचं?"

मला राग आला. "प्रश्न नीट विचारा, उत्तर नीट देईन," मी म्हणाले. सर हसले. "उद्यापासून या. असंच कुणीतरी पाहिजे होतं."

प्रश्नाचा अर्थ पुढे कळला. आमचे सॉफ्टवेअर अनेक देशांत चालते. कुठे वर्ष जानेवारीत सुरू होते, कुठे जुलैत. कुठे आकड्यातला स्वल्पविराम लाखाला, कुठे दशलक्षाला. सरांनी भिंतीवर प्रत्येक देशाचे कॅलेंडर लावले होते. दुपारी खाडीवरून वारा आला की सगळी पाने एकदम हलायची, शेजारच्या कारखान्यातले यंत्र संथ गुणगुणत असायचे आणि वाटायचे, या गाळ्यात वर्ष कधी संपतच नाही. कुठे ते मावळत असते, कुठे उजाडत असते, आणि मधोमध सर डबा उघडून बसलेले असतात.

त्यांचा नियम ठाम होता. मूळ प्रोग्रामात कोणत्याही देशाचे नाव येता कामा नये. त्या त्या देशाचे कर, तारखा, आकडे लिहायची रीत त्याच्या स्वतंत्र भागात. "पंगत एक, पण ज्याचं पथ्य त्याच्या ताटात," असे ते सांगत.

एका पावसाळ्यात काठमांडूच्या एका कंपनीतून शारदाजींचा फोन आला. त्या तिथल्या हिशेबनीस. त्यांचे आर्थिक वर्ष आषाढाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे त्याच दिवशी, संपत होते आणि आमचा प्रोग्राम त्या दिवसाची बिले घेत नव्हता. तारीख होती बत्तीस.

"सर, बत्तीस तारीख? बाई काहीतरी चुकीचं दाबतायत ना," आमचा प्रोग्रामर अमेय म्हणाला.

सर उठून भिंतीवरच्या नेपाळच्या कॅलेंडरपाशी गेले. "अमेय, इकडे ये. वाच."

"तीस, एकतीस..." अमेय थांबला. "बत्तीस आहे. वाट लागली." नेपाळचे महिने सूर्यावर चालतात; तिथला आषाढ कधी एकतीस दिवसांचा, कधी बत्तीस.

तारीख एकतीसच्या पुढे जाऊ नये, अशी एक ओळ मूळ प्रोग्रामात होती. तिच्यात देशाचे नाव नसल्यामुळे ती कुणालाच खटकली नव्हती. "नाव नव्हतं," सर म्हणाले, "पण देश होता. आपला."

अमेयने सुचवले, "नेपाळ असेल तर बत्तीस चालू दे, एवढंच लिहितो. झकास चालेल."

"आज चालेल. उद्या दुसऱ्या कुणाचा दिवस अडेल."

आमच्या मालकांनी त्याहून सोपा मार्ग काढला. "त्यांना सांगा, बिलं उद्याच्या तारखेला टाका."

"उद्या त्यांचं नवं वर्ष आहे, साहेब. सांगायचंच तर फोन तुम्ही करा. म्हणा, बाई, तुमचा आजचा दिवस झालाच नाही."

मालकांनी फोन केला नाही. सरांनी महिन्यांची लांबी मूळ प्रोग्राममधून काढून प्रत्येक देशाच्या भागात हलवायला घेतली. मी ते काम दोनदा परत पाठवले. आपल्याकडच्या मार्चच्या तारखा बिघडत होत्या. सर एकदाही म्हणाले नाहीत की मॅडम, आज चालवून घ्या. संध्याकाळी शारदाजींचा पुन्हा फोन आला. "हो गया, सर. आज का दिन मिल गया." वाऱ्याने कॅलेंडरे हलत होती, आणि नसलेला एक दिवस आमच्यात येऊन बसल्यासारखे वाटत होते.

सर माणसांचे दिवसही असेच सांभाळतात. माझ्या आईचे मुलुंडला ऑपरेशन होते, नेमके मार्चअखेर. मी रजेचे कसे विचारावे या विचारात होते. सरांनीच माझी पर्स माझ्या हातात दिली. "एकतीस मार्च दरवर्षी येते, मॅडम. तुम्ही जा."

आता सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि ते निवृत्त होत आहेत. नेपाळचे ते पान अमेयने फाडू दिलेले नाही. सरांच्या पुढच्या प्रत्येक महिन्याला तसा एक वरचा दिवस मिळो. तो निरोगी असो, निवांत असो, आणि कुणीही त्यांना म्हणू नये की असा दिवस नसतो. म्हणालेच, तर मी येऊन तपासून देईन.