खिशातल्या गूळपोळ्या

त्या वर्षी संक्रांत नेमकी शनिवारी आली होती. त्यामुळे रेडमंडच्या घरून बर्फाच्या डोंगराकडे निघताना माझ्या यादीत फावडी, शोधकाठ्या आणि बीकन यांच्या खाली गूळपोळ्याही होत्या. बीकन म्हणजे छातीशी बांधायचं छोटं यंत्र. माणूस बर्फाखाली गाडला गेला तर त्याचा सिग्नल वरच्यांना त्यांच्या बीकनवर मिळतो.

मी आणि नवरा, दोघंही चाळिशीनंतर स्कीइंग शिकलो. लिफ्ट नसलेल्या डोंगरात जायचं वेड मात्र मुलीचं. ती कॉलेजात आहे, हिमस्खलनाचा कोर्स केलेली, आणि डोंगरावर घरातली मोठी तीच.

पार्किंगमध्ये तिने एकेकाचं बीकन तपासलं. बाबाचा सिग्नल उड्या मारत होता.

"बाबा, जॅकेट उघड."

आतल्या खिशात, बीकनला लागूनच, फोन. फोनला चिकटवून फॉइलमध्ये गुंडाळलेल्या गूळपोळ्या.

"अगं, तूप गोठतं. दगडासारखी पोळी कोण खाणार?"

"फोन अँड फॉइल, बोथ! सिग्नल बिघडतो त्याने. सीरियसली, बाबा?"

"आईला विचार, संक्रांतीला गार पोळी..."

"मला मध्ये घेऊ नकोस," मी म्हटलं. "सॅकमध्ये टाक."

कुरकुरत त्याने दोन्ही टाकलं. सिग्नल शांत झाला.

उतार ओलांडताना एका वेळी एकानेच जायचं. मुलगी पलीकडच्या झाडांत पोचली आणि तिने काठी हलवली. मग नवरा निघाला. तो मध्यावर असताना वर बर्फाला आडवी चीर गेली. जमिनीवर गादी टाकावी तेवढाच आवाज, आणि अख्खा उतार सरकला. लाल जॅकेट खालच्या खडकापाशी एकदा दिसलं, मग नाही.

"आई, सर्च!" मुलगी ओरडली.

खडकावरची नजर न हलवता मी बीकन शोधावर टाकलं. वरून आणखी काही सुटत नाही ना, बघितलं आणि उतरले. यंत्रावर अंतराचा आकडा दिसत होता. एकेक पावलाला तो कमी होत गेला, एकदाही उडी न मारता. मुलगीही येऊन पोचली. तिने काठी खुपसली, काहीतरी मऊ लागलं. मग आम्ही दोघी नुसत्या खणत सुटलो.

आधी हेल्मेट दिसलं, मग निळसर ओठ. तिने त्याच्या तोंडातला बर्फ बोटाने काढला. तो खोकला. पुन्हा खोकला.

"पोळ्या..." तो पुटपुटला.

"शट अप, बाबा," ती म्हणाली आणि त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली.

गुडघा मुरगळला होता, बाकी धड होता. गाडीत हीटर लावून आम्ही त्या दगडासारख्या पोळ्या दाढेखाली फोडून खाल्ल्या. त्याने दोन खाल्ल्या, तक्रार न करता.

यंदा त्याने सॅकला आतून लोकरीचा कप्पा शिवून घेतलाय. पोळ्या तिथे जातात. आणि पार्किंगमध्ये मुलीने सांगायच्या आधीच तो जॅकेट उघडून तिच्यासमोर उभा राहतो.