बारका जेट आणि आक्काचा इंटरव्ह्यू

मंडळी, सकाळपासनं जीव थाऱ्यावर न्हाय.

उन्हाळ्यात मायलेजसाठी बाईकच्या कार्बोरेटरमध्ये मीच बारका जेट, म्हंजी पेट्रोल सोडायचा बारक्या भोकाचा तुकडा, बसवलता. आज वडगावात लई थंडी. आक्काला इंटरव्ह्यूसाठी निपाणीला सोडायचं होतं, आणि गाडी तापली तरी चोक सोडला की बंद!

कापड विणायच्या मागावरनं उठून आप्पा बाहेर आले. नुसता आवाज ऐकून म्हणाले, "पेट्रोल कमी पडतंय रं. थंडीत जास्त लागतंय तिला."

मी तिथंच कार्बोरेटर खोलला, जुना मोठा जेट लावला. एका किकमध्ये गाडी सुरू!

"चल आक्का!" म्हणून वळलो.

आप्पा म्हणाले, "ती कवाच रिक्षानं स्टँडवर गेली."

आक्काचा फोन अजून लागंना. मी उगाच दहादा गाडी चालू करून बघितली.

कुणासाठी तरी गाडी दुरुस्त करताना तुम्हीबी त्याच माणसाला विसरलाय का कधी?