सगळे म्हणाले नको

क्षितिजा बारावी पास झाली आणि तिच्या आईने, आमच्या बी-विंगमधल्या शुभदा पेडणेकरने, सर्व्हेच काढला. कुठल्या शाखेला पगार किती, पुढे स्कोप किती, सगळं तोंडावर विचारायचं. भिडस्तपणा तिने मीरा रोडला राहायला येतानाच लालबागला सोडला होता.

लिफ्टमध्ये आधी सापडला आयटीवाला साहिल.

"काकू, पॅकेज मस्त आहे. पण तिला इंजिनियरिंगला नका टाकू. सीए करा."

चौथ्या मजल्यावरच्या मेहता सीएंनी हात जोडले. "आंटी, कमाई अच्छी है, लेकिन बेटी को सीए मत कराना. डॉक्टर बनाओ."

खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तर दचकल्याच. "मेडिकल? नको हो! सरळ कॉम्प्युटर इंजिनियर करा."

शुभदा घरी आली ती हसत हसतच. "अहो, गोल फिरून परत साहिलच्याच दारात!" नवऱ्याला, यतीनरावांना, सांगता सांगता तिला उचकी लागली.

रविवारी ती तुळशीचं रोप आणायला काशीगावात भाविकाच्या नर्सरीत गेली. भाविका तिथल्याच जुन्या शेतकरी घरातली, बॉटनी शिकलेली. शुभदाने तिलाही विचारलंच, "पगार किती गं?"

"पगार कुठला, ताई? नर्सरी माझीच हाय. कधी मिलतं, कधी न्हाय." भाविकाने चिखलाचे हात झटकले. "पन बॉटनी घ्याच! लय मजा हाय."

"घ्याच" म्हणणारी ही पहिलीच. शुभदा धावतपळत घरी पोचली.

"क्षितिजा, बॉटनी!"

"आई, मी कालच बी.कॉम.ला ॲडमिशन घेतली. पप्पांना माहितीये." क्षितिजा आईच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "एवढी आवडलीय तर तूच घे ना. तुझी बारावी सायन्सचीच आहे की."

शुभदा खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. "मी? ह्या वयात?" आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "हो!"

मग काय, डायनिंग टेबलावर पानं, मुळं, शेवाळाच्या आकृत्या. यतीनराव स्वतःचा डबा स्वतः भरायला शिकले, त्यात भेंडी आली की तिची शास्त्रीय माहितीही ऐकायला शिकले. तीन वर्षांनी शुभदा सेकंड क्लासमध्ये बी.एस्सी. पास झाली आणि भाविकाने तिला कामावर ठेवलं. पगार अख्ख्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात कमी. शुभदा तो आकडा विचारायच्या आधीच सांगते.

पहिल्या डिलिव्हरीला ती टेम्पोत मागे बसली, मांडीत जास्वंदीची कुंडी, केसांत माती. काशीमिऱ्याच्या सिग्नलला तिला इतका आनंद झाला, की ती दिसेल त्याला हात करत सुटली. ट्रॅफिक हवालदारानेही हात केला, आणि एक रांग उगाचच सुटली.